भिंतीतल्या तारेतून इंटरनेट: टीपी-लिंक टीएल-पीए४०१० किट कुणी घ्यावं, कुणी टाळावं

राउटर हॉलमध्ये, कामाची खोली घराच्या पार दुसऱ्या टोकाला, मधे दगडी किंवा आरसीसीच्या भिंती, आणि नवी केबल ओढायला भिंत फोडायची नाही. अशा घरात पॉवरलाइन अडॅप्टर, म्हणजे विजेच्या तारेतूनच इंटरनेट नेणारा प्लग, खरोखर उपयोगी पडतो. टीएल-पीए४०१० किटमध्ये दोन अडॅप्टर आणि दोन इथरनेट केबल येतात. एक अडॅप्टर राउटरजवळ, दुसरा कॉम्प्युटरजवळ, आणि मधलं काम घरचं वायरिंग करतं.

खोक्यावरचा ६०० एमबीपीएसचा आकडा आधी बाजूला ठेवा. तो तारेवरचा सैद्धांतिक वेग आहे, येणं-जाणं दोन्ही धरून. अडॅप्टरचा इथरनेट पोर्ट १०/१०० एमबीपीएसचा, त्यामुळे वायरिंग कितीही चांगलं असलं तरी फाइल उतरवताना ९५ एमबीपीएसच्या पलीकडे जाता येत नाही. ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन असेल तर गिगाबिट पोर्टवालं मॉडेलच बघा. मीटिंग, ऑनलाइन वर्ग, टीव्हीवर ४के सिनेमा यांना मात्र २५ एमबीपीएस स्थिर मिळाले तरी पुरतात, आणि तेवढं हे किट ठीकठाक वायरिंगवर देतं.

२३० व्होल्टच्या तारेला डेटा जोडणं सुरक्षित कसं, हा प्रश्न रास्त आहे. अशा अडॅप्टरमध्ये सिग्नल कपॅसिटर आणि छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून तारेवर जातो. १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर घरच्या विजेच्या ५० हर्ट्झला सुमारे ३ लाख १८ हजार ओहमचा अडथळा करतो, म्हणजे त्यातून पाऊण मिलिअँपियरही वाहत नाही. तोच कपॅसिटर डेटाच्या सिग्नलला, म्हणजे १० मेगाहर्ट्झला, फक्त १.६ ओहमचा. वीज अडते, सिग्नल जातो. पण तो कपॅसिटर एक्स-२ वर्गाचाच (थेट घरच्या विजेवर लावण्यासाठी बनवलेला) लागतो, कारण साधा कपॅसिटर फुटून शॉर्ट झाला तर आग लागू शकते. म्हणून असलं सर्किट घरी जुळवू नका आणि विनाछापाचे स्वस्त अडॅप्टर घेऊ नका.

प्लगकडे नीट बघा. युरोपीय आवृत्तीच्या दोन पिना आपल्या ६ अँपियर सॉकेटसाठीच्या ५ मिलिमीटरच्या पिनांपेक्षा बारीक असतात. जुन्या, सैल सॉकेटमध्ये त्या हलतात, ठिणगी पडते, सॉकेट तापतं आणि लिंकही तुटत राहते. बाजारातला हलका कन्व्हर्टर लावण्यापेक्षा युनिव्हर्सल मॉड्युलर सॉकेट बसवून घ्या. खर्च किरकोळ आहे.

जोडणीची पद्धत सोपी आहे, फक्त क्रम पाळा. दोन्ही अडॅप्टर आधी एकाच खोलीत भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. एकाचं ‘पेअर’ बटण सेकंदभर दाबा, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. पॉवरलाइनचा दिवा लागला की दुसरा अडॅप्टर त्याच्या जागी न्या. हे पेअरिंग टाळू नका. १२८-बिट एईएस एन्क्रिप्शन असतंच, पण होमप्लगच्या (पॉवरलाइन अडॅप्टरांचं हे समाईक मानक) नव्या उपकरणांचा मूळ पासवर्ड सगळीकडे एकच, ‘होमप्लगएव्ही’. शेजाऱ्याकडेही असंच किट असेल आणि दोन्ही घरं एकाच ट्रान्सफॉर्मरवर, एकाच फेजवर असतील, तर तुमचा सिग्नल त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो; मीटर तो कमी करतो, पण पूर्ण थांबवेलच याची खात्री धरता येत नाही. बटण दाबलं की घराची स्वतःची किल्ली तयार होते.

आता खरी गोम. वेग कमी आला की लोक अडॅप्टरला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोष बोर्डावर असतो. स्पाइक गार्डमध्ये अडॅप्टर लावला की त्यातला एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) आणि फिल्टर सिग्नल गिळतात. मोबाइल किंवा लॅपटॉप चार्जरच्या आतला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर १० मेगाहर्ट्झला जवळजवळ शॉर्टच असतो. तो अडॅप्टरला लागून असेल तर वेग निम्म्यावर येऊ शकतो. उपाय उलटा करायचा: अडॅप्टर थेट भिंतीत, आणि चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, टीव्ही हे सगळं फिल्टरवाल्या एक्स्टेंशनवर. पंख्याचा जुना गोल डिमर आणि मिक्सर चालू-बंद करून टीपी-लिंकच्या टीपीपीएलसी अॅपमध्ये वेगाचा आकडा बघा. कोण खोड्या करतंय ते लगेच कळतं.

आपल्याकडच्या घरात दोन अडचणी खास आहेत. पहिली इन्व्हर्टरची. एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरा साध्या लाइनवर असला तर सिग्नलला इन्व्हर्टरच्या आतून जावं लागतं आणि तिथे तो पातळ होतो. दोन्ही इन्व्हर्टरच्याच लाइनवर घ्या, म्हणजे वीज गेली तरी जोडणी टिकते. स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर असेल तर बॅकअपवर वेग पडेल, हे मात्र धरून चाला. दुसरी अडचण थ्री-फेजची. बंगल्यात वरचा मजला वेगळ्या फेजवर असतो आणि फेज बदलून सिग्नल जातो तो केवळ तारा शेजारून धावतात म्हणून, दुबळा. वायरमनला विचारून दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आणता येतात का बघा. ते वितरण बोर्डाचं काम आहे, स्वतः हात घालू नका.

शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. मूळ होमप्लग एव्ही २ ते २८ मेगाहर्ट्झ वापरतं, ६०० वाले त्याच्याही वर जातात. हौशी रेडिओच्या पट्ट्या वगळलेल्या असतात, बाकी पट्ट्यांवर खरखर येऊ शकते.

विकत घेताना परतीची मुदत असलेलं दुकान निवडा आणि त्याच मुदतीत, ज्या सॉकेटवर वापरायचंय तिथेच, संध्याकाळी सगळे दिवे-पंखे चालू असताना आयपर्फ-३ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने मोजा. ३० एमबीपीएसच्या खाली सतत येत असेल तर परत करा आणि केसिंग-कॅपिंगमधून कॅट-६ इथरनेट केबल ओढून घ्या. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की दोन्ही अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवा.