जिवंत पानातले टेलोमिअर: एका हंगामाचा अनुभव, आणि बल्बबद्दल बरंच काही

मागच्या आठवड्यात आमच्या फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपचा (पेशीतले चमकणारे भाग दाखवणारा सूक्ष्मदर्शक) दुसरा मर्क्युरी बल्ब गेला, म्हणून लिहायला बसलो.

पद्धत अशी: जिवंत पेशीतले टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, चमकवून बघायची. डीकॅस९ (डीएनए कापणाऱ्या कॅस९ प्रथिनाचं कापण्याची क्षमता काढलेलं रूप), त्याला जोडलेलं जीएफपी (निळ्या उजेडात हिरवं चमकणारं प्रथिन), आणि टेलोमिअरच्या टीटीटीएजीजीजी या क्रमावर त्याला नेऊन बसवणारा गाइड आरएनए. २०१३ मध्ये हे माणसाच्या पेशींत जमलं, २०१७ मध्ये जर्मनीतल्या गाटर्सलेबेनच्या गटाने निकोटियाना बेंथामियाना या तंबाखूच्या जातभाईच्या पानात करून दाखवलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात जैवसुरक्षा समितीची परवानगी घेऊन दिवाळीनंतर सुरुवात केली.

पद्धतीवर मी खूश आहे. फिश या जुन्या पद्धतीत (चमकणारे डीएनए तुकडे चिकटवून क्रम शोधायची) डीएनए उलगडायला स्लाइड तापवावी लागते, पेशी आधीच मेलेली असते. इथे पानाच्या खालच्या बाजूने बिनसुईच्या सिरिंजने ॲग्रोबॅक्टेरियम भरायचा (बीटी कपाशीत जीन घालायला वापरला तोच जिवाणू), की दोन-तीन दिवसांनी केंद्रकात हिरवे ठिपके दिसतात. आणि ते हलतात! पोरं आयपीसवरून डोळा काढत नाहीत. एकच गाइड पुरतो, कारण तोच क्रम एका जागी शेकडो वेळा येतो आणि उजेड साचतो. एकट्या जीनसाठी इतक्या स्वस्तात भागत नाही.

आता बल्ब. १०० वॅटचा, आयुष्य साधारण २०० तास. पेटवला की अर्धा तास तरी बंद करू नये, विझला तर पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा लावू नये, आणि दर पेटवणीला आयुष्य घटतं. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. ठिपके नुकते फोकसमध्ये आलेले असतात आणि खोलीत अंधार होतो. "गेली न सर पुन्हा," म्हणत अटेंडंट टॉर्च आणतो. इन्व्हर्टरवर जाताना बसणाऱ्या क्षणभराच्या झटक्यानेही बल्ब विझतो. तो निवेपर्यंत स्लाइडवरचं पान सुकून जातं. पुरवठादाराचं उत्तर एकच: बल्ब वॉरंटीत बसत नाही. अरे, पण विकताना गावातल्या लाइनबद्दल एक शब्द तरी विचारायचा! एका बल्बच्या पैशात आमची सत्रभराची रसायनं येतात.

तोवर माझं ठाम मत होतं की प्रखर उजेड हवा तर मर्क्युरीच. फेब्रुवारीत एका मित्राकडून ४७० नॅनोमीटरची (निळ्या उजेडाची) एलईडी जोडणी मागून आणली आणि मत बदललं. मर्क्युरीचा जोर ३६५, ४०५, ४३६, ५४६ या रेषांवर असतो; जीएफपीला लागतो त्या ४८८ च्या आसपास तो अशक्तच. एलईडीखाली हिरवे ठिपके जास्त स्वच्छ दिसले. शिवाय लाइन गेली-आली तरी बटण दाबलं की उजेड. एमरूबी२ या लाल चमकणाऱ्या प्रथिनाच्या ठिपक्यांना मात्र ५४६ ची रेषा छान लागते, म्हणून मर्क्युरी ठेवला होता. तोच आता गेला.

बाकी दोन गोष्टी. मोकळं फिरणारं डीकॅस९-जीएफपी केंद्रिकेत (केंद्रकाच्या आतल्या गोल भागात) जमतं आणि तिथला मोठा हिरवा गोळा आजूबाजूचे ठिपके झाकतो. गुणसूत्रं ३८, म्हणजे टोकं ७६, पण तेवढे ठिपके मला कधीच मोजता आले नाहीत. दुसरं, उन्हाळा. २९-३० अंशांच्या वर ॲग्रोबॅक्टेरियम जीन सोडायचं काम नीट करत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. कूलर लावूनही पानं मान टाकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

पद्धतीला पाचपैकी साडेचार, मर्क्युरी बल्बला एक. नवीन घेणार असाल तर ४७० आणि ५५० अशा दोन्ही एलईडी असलेलीच जोडणी घ्या, आणि इन्व्हर्टरवर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.