दादरच्या कंपनीबरोबर जपान : जेवण फर्स्ट क्लास, बाकी तीन स्टार

एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन दादरच्या एका टूर कंपनीतर्फे जपान केलं, आठ दिवस. नाव नाही लिहीत, उगाच वाद नको. जेवणाची सोय एक नंबर, क्योतोमध्ये रात्री वरणभात मिळाल्यावर बाबा जाम खुश. तक्रार एकच आहे पण मोठी आहे. निघायच्या आधी हॉलवर बोलावून दीड तास मीटिंग घेतली, त्यात बॅग किती किलोची, स्वेटर घ्या, खाकरे घ्या, सिमकार्ड आमच्याकडूनच घ्या, पण तिथे वागायचं कसं यावर अवाक्षर नाही!!

मग व्हायचं तेच झालं. टोकियोत मेट्रोमध्ये आपली गँग चढली आणि सवयीने गप्पा सुरू, आपल्या विरार लोकलच्या मानाने ती कुजबुजच हो, पण इथे अख्खा डबा चिडीचूप आणि त्यात एका काकांनी नातवाला व्हिडिओ कॉल लावला तोही स्पीकरवर. कोणी काही बोललं नाही, शेजारचा माणूस फक्त उठून पलीकडे जाऊन उभा राहिला. ते जास्त लागतं.

हाकोनेला र्‍योकानमध्ये म्हणजे तिथल्या जुन्या पद्धतीच्या लॉजमध्ये उतरलो होतो, तिथे टॉयलेटच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या तिथेच काढून यायच्या असतात. बाबा त्याच घालून थेट ततामीच्या चटईवर. आपल्याकडे कोणी चप्पल घालून देवघरात शिरावं तसं झालं ते. तिथल्या बाई गुडघ्यावर बसल्या, हसत हसत सपाता उचलून घेऊन गेल्या, आणि बाबा रात्रभर "अरे मला काय माहीत" करत बसले.

कचऱ्याचं पण तेच. 1995 च्या टोकियो मेट्रोवरच्या सारिन या विषारी गॅसच्या हल्ल्यानंतर स्टेशनांवरच्या बऱ्याच कचरापेट्या काढल्या त्या काढल्याच, त्यामुळे संत्र्याची सालं दिवसभर माझ्या पर्समध्ये. एक साधी पिशवी ठेवा म्हणून सांगायला काय जात होतं?

साईटसीइंग धावतपळत. फुशिमी इनारीला, म्हणजे क्योतोच्या त्या लाल कमानींच्या देवस्थानाला, फक्त चाळीस मिनिटं, खरं तर तिथे खालीच गर्दी असते, वर चढत गेलं की त्या लाल कमानींमध्ये शांतता मिळते, पण आम्ही वर पोचतोय कुठे. गिओनमध्ये, म्हणजे क्योतोच्या जुन्या गेइशा (पारंपरिक कलावंतिणी) वस्तीत, मात्र टूर मॅनेजरने वाचवलं, दोघीजणी फोटोसाठी एका खाजगी गल्लीत घुसत होत्या, 2024 पासून तिथे पर्यटकांना बंदी आहे आणि बोर्डवर 10,000 येन दंड लिहिलाय, पोरगा अक्षरशः धावत गेला. तो चांगला होता, बिचारा एकटा पस्तीस जणांना पुरा पडत नव्हता.

बुक करणार असाल तर मीटिंगमध्ये हात वर करून हे सगळं विचारा. आणि मोजे बिनभोकाचे न्या, देवळांत आतल्या दालनात जायला बूट काढावे लागतात, आईचा अंगठा अर्ध्या क्योतोने पाहिलाय.