हँडसेटचा भाव, स्टॉक आणि मॉडेल कोड : आठ महिने ट्रॅक केल्यावर

आधी सेटअप सांगतो. एक गुगल शीट, क्रोममध्ये कीपा आणि बायहटके ही भावाचा इतिहास दाखवणारी दोन एक्स्टेन्शनं, स्पेक्स पडताळायला जीएसएमअरीना आणि स्मार्टप्रिक्स, आणि रोज सकाळची पंधरा मिनिटं. खर्च शून्य. आठ महिन्यांनंतरचं मत असं : भावासाठी ही साधनं चांगली, स्टॉकसाठी अर्धीमुर्धी, आणि स्पेक्ससाठी डोळे झाकून विसंबलात तर हमखास फसाल.

शीटचा पहिला रकाना ‘फोनचं नाव’ असा ठेवला होता, ती पहिली चूक. तिथे मॉडेल कोड हवा. गॅलेक्सी एस२१ एफई घ्या. जानेवारी २०२२ मध्ये भारतात आला तो एक्झिनॉस २१०० प्रोसेसर घेऊन. जुलै २०२३ मध्ये त्याच नावाने पुन्हा आला, आता आत स्नॅपड्रॅगन ८८८. नावावर अलर्ट लावला की दोन वेगळ्या फोनांचे भाव एकाच यादीत येऊन बसतात आणि स्वस्त दिसतो तो नेमका कुठला ते कळत नाही. एस२४ आणि एस२४ प्लस आपल्याकडे एक्झिनॉस २४०० वर आले, अमेरिकेत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ वर. अल्ट्रा मात्र सगळीकडे स्नॅपड्रॅगन. अमेरिकी यूट्यूबरचा बॅटरी टेस्टचा व्हिडिओ बघून इथे एस२४ घेतला, तर टेस्ट दुसऱ्याच फोनची पाहिली म्हणायची. फरक कधी स्टोरेजमध्ये लपतो : एस२३ च्या १२८ जीबीत यूएफएस ३.१ आहे, २५६ जीबीत त्याहून वेगवान यूएफएस ४.०. कधी बॅटरीत : नथिंग फोन ३ भारतात ५,५०० एमएएचचा, बाहेरच्या बाजारात ५,१५० चा.

कोड वाचायला अर्धा तास लागतो, पण तो एकदाच. सॅमसंगमध्ये ‘एसएम-एस९२८’ इथपर्यंत म्हणजे एस२४ अल्ट्रा. पुढचं अक्षर बाजार सांगतं : बी म्हणजे आंतरराष्ट्रीय (आपलाही हाच), यू अमेरिकी कॅरियरचा (म्हणजे सिम कंपनीचा), यू१ अमेरिकी अनलॉक्ड (कुठलंही सिम चालणारा), एन कोरियाचा, आणि अक्षराऐवजी शून्य असेल तर चीन-हाँगकाँगचा. बी दिसला म्हणजे भारतीय पीस असं मात्र नाही, दुबईचाही बीच असतो. त्यासाठी सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, मग सॉफ्टवेअर इन्फर्मेशन उघडून सर्व्हिस प्रोव्हायडरच्या ओळीत आयएनएस किंवा आयएनयू हा भारताचा कोड आहे का ते बघायचं. ॲपलमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट. मॉडेल नंबरच्या शेवटी एचएन/ए म्हणजे भारत, एलएल/ए अमेरिका, जे/ए जपान. त्याच ओळीवर बोट टेकवलं की ‘ए’ने सुरू होणारा नंबर येतो : आयफोन १५ चा आपला ए३०९०, अमेरिकेचा ए२८४६, चीन-हाँगकाँगचा ए३०९२, ज्यात दोन नॅनो सिम बसतात. मॉडेल नंबरचं पहिलं अक्षरही बोलतं. एम म्हणजे नवा विकायला काढलेला, एफ म्हणजे कंपनीने रिफर्बिश केलेला, एन म्हणजे सर्व्हिस सेंटरने बदलून दिलेला. ‘सील पॅक नवा’ म्हणून हातात आलेला फोन एन दाखवत असेल तर तिथेच परत करायचा.

आता भाव. एक्स्टेन्शनचा आलेख फक्त पानावरची किंमत नोंदवतो. बँक ऑफर, एक्स्चेंज बोनस, टिक करायचं कूपन, यातलं बरंचसं आलेखात येत नाही. त्यामुळे ‘आजवरचा सर्वांत कमी भाव’ ही पाटी आपल्या खिशातून जाणाऱ्या रकमेबद्दल फार काही सांगत नाही. शीटमध्ये चार वेगळे रकाने केले : पानावरचा भाव, माझ्याकडच्या कार्डावरची सवलत, जादा आकार, आणि हातात पडेपर्यंतचा भाव. तुलना फक्त शेवटच्या रकान्याची. एक्स्चेंज यात धरायचाच नाही. जुना फोन वेगळा विकला तर काय येईल ते बघून ठरवायचं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हा जादा आकाराचा सगळ्यात मोठा चोरकप्पा. ६०,००० चा फोन, सहा हप्ते, बँकेचा दर वर्षाला १६ टक्के असं धरू. हप्ता १०,००० चा दिसतो. प्रत्यक्षात विक्रेता सुमारे २,७०३ रुपये आधी सूट देतो आणि बँक तेवढंच व्याज लावते. इथवर फिटंफाट. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४८७ रुपये, आणि तो तुमच्या स्टेटमेंटवर हप्त्याहप्त्याने येतो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासकट २३५. झाले ७२२. रक्कम फार मोठी नाही, पण दोन दुकानांतला फरक पाचशेचा असताना ती निकाल फिरवते.

आलेखातल्या उंच टोकांकडे दुर्लक्ष करायला शिकावं लागतं. मुख्य विक्रेत्याचा माल संपला की दुसरा कुणीतरी तोच फोन दीडपट भावाने लावून ठेवतो. आलेखात सुळका येतो, आणि माल परतला की ‘३० टक्के उतरला’ असा अलर्ट. उतरलेलं काहीच नसतं. म्हणून अलर्ट टक्क्यांवर न लावता रुपयांत, ठरावीक आकड्यावर लावायचा, आणि पान उघडल्यावर सगळ्यात आधी विक्रेत्याचं नाव बघायचं. दुसरा घोटाळा रंगांचा. ॲमेझॉनवर प्रत्येक रंग-स्टोरेजच्या जोडीला दहा अक्षरांचा स्वतंत्र कोड असतो, फ्लिपकार्टच्या लिंकमध्ये ‘पीआयडी’पुढे सोळा अक्षरांचा. निळा १२८ जीबी संपला की पान कधी गुपचूप काळ्या २५६ वर जाऊन बसतं. शीटमध्ये लिंकसोबत हा कोडही लिहून ठेवला तर अदलाबदल लगेच दिसते.

ट्रॅकर सतत पहारा देत नाहीत, ठरावीक वेळाने फेरी मारतात. ज्या फोनवर नजर ठेवणारे बरेच, तिथे फेऱ्या जास्त. कमी खपाच्या मॉडेलवर तासाभराची सेल येऊन गेली तर आलेखाला पत्ताही लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मोठ्या सेलच्या पहिल्या रात्री त्यांच्यावर विसंबू नका, स्वतः कार्ट उघडून बसा. शीटमध्ये इम्पोर्टएक्सएमएल या फॉर्म्युल्याने वेबपानावरचा भाव आपोआप ओढायचा खटाटोपही करून झाला. मोठ्या साइट्स अशी विनंती अडवतात किंवा पान स्क्रिप्टने उभं राहत असल्याने हाती रिकामा सेल येतो. हाताने टाइप करणं जास्त भरवशाचं. आणखी एक : ही एक्स्टेन्शनं सगळ्या साइट्स वाचायची परवानगी मागतात. क्रोममध्ये खरेदीचं वेगळं प्रोफाइल करा आणि बँकेचं लॉगिन त्या प्रोफाइलमध्ये नको.

स्टॉकचा मामला भावापेक्षा चिवट. ‘उपलब्ध’ हा शब्द पिनकोडशिवाय निरर्थक आहे. तीन पिनकोड टाकून बघायची सवय ठेवली : कोथरूड ४११०३८, सावंतवाडी ४१६५१०, गडचिरोली ४४२६०५. एकच फोन पहिल्या ठिकाणी उद्या, दुसऱ्या ठिकाणी पाच दिवसांनी, तिसऱ्या ठिकाणी ‘या पत्त्यावर मिळत नाही’, हे नेहमीचं. माल ज्या गोदामात पडलाय तिथून जवळच्या पिनकोडना तो दिसतो. शिवाय महागड्या वस्तू काही कुरिअर मार्गांवर पाठवतच नाहीत. ट्रॅकर यातलं काही सांगत नाही, तो एकच ‘इन स्टॉक’ दाखवतो. गावी मिळत नसेल तर शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता टाकण्याआधी ओपन बॉक्स डिलिव्हरी आहे का ते बघा. असेल तर डबा त्यांच्यासमोर उघडला जाणार, म्हणून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) जुळवायला त्यांना आधीच समजावून ठेवा.

क्रोमा, रिलायन्स डिजिटल, विजय सेल्स यांच्या साइटवर पिनकोड टाकून जवळच्या शाखेचा स्टॉक बघता येतो. तरी निघण्याआधी फोन करून, रंग आणि स्टोरेज उच्चारून, ‘पीस समोर आहे का’ असंच विचारायचं. शेवटचा एक पीस बहुतेकदा काउंटरवरचा डेमो असतो. ॲपलच्या साइटवर पिकअपची सोय आहे; मुंबईत बीकेसी (एप्रिल २०२३ पासून) किंवा पुण्यात कोरेगाव पार्क (सप्टेंबर २०२५ पासून) निवडलं की नेमक्या रंगाचा अंदाज मिळतो. नवा आयफोन आल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो सकाळी आणि दुपारी वेगळा दिसतो.

गल्लीतल्या मोबाइल दुकानाला या सगळ्यात कमी लेखू नका. दुकानदाराच्या तोंडी तीन भाव असतात : डब्यावरची एमआरपी, कंपनीने बाजारासाठी ठरवलेली एमओपी, आणि त्याला पडलेली डीपी. ऑनलाइन भाव सहसा एमओपीच्या आसपास फिरतो. दुकानदाराला महिनाअखेरीस टार्गेटची स्कीम मिळणार असेल तर तो एमओपीच्या खाली येऊ शकतो. प्रश्न एकच आणि पूर्ण विचारायचा : ‘पक्क्या बिलावर, जीएसटीसकट, एक्स्चेंज आणि फायनान्सशिवाय शेवटचा भाव काय?’ अर्धा प्रश्न विचारला तर उत्तरही अर्धं येतं. मात्र स्कीमच्या नादात काही ठिकाणी फोन आधीच ॲक्टिव्हेट करून ठेवलेले असतात. वॉरंटी सुरू होऊन गेलेली. आयफोनचा सिरियल नंबर डब्यावर छापलेला असतो. ॲपलच्या कव्हरेजच्या पानावर तो टाकून सील फोडण्याआधीच खात्री करता येते.

कॅरियरचे फोन आपल्याकडे थोडेच, म्हणूनच ते नजरेतून सुटतात. मार्च २०२४ मध्ये पोको एम६ ५जी ची एअरटेल आवृत्ती ८,७९९ ला आली. तिच्यावर १८ महिने एअरटेलचंच प्रीपेड सिम चालवायची अट. स्पेक्स साइटवर ती आणि साधा एम६ शेजारी ठेवले तर फरक फक्त भावात दिसतो. लिस्टिंगच्या शीर्षकात सिम कंपनीचं नाव आलं की तळाची बारीक अक्षरं वाचायचीच. घरी जिओचं सिम असलेल्या वडिलांसाठी असा फोन घेतला तर तो ठेवून द्यावा लागेल.

परदेशातून फोन मागवणाऱ्यांसाठी शीटमध्ये वेगळं पान केलं, कारण तिथे भावापेक्षा कोड महत्त्वाचा. अमेरिकेत आयफोन १४ पासून सिमचा ट्रे नाही, फक्त ई-सिम. तेव्हा ‘मग दुबईहून आण’ हा सल्ला बरोबर होता. आयफोन १७ ला तो चालत नाही : यूएई, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहारीन सगळीकडे आता ई-सिमच. बदल्यात १७ प्रोला ट्रेच्या जागेत मोठी बॅटरी मिळते, ३,९८८ ऐवजी ४,२५२ एमएएच. शहरात राहणाऱ्याला हा सौदा परवडेल. पण फोन बिघडल्यावर सिम काढून जुन्या हँडसेटमध्ये टाकायची सवय असलेल्या घरात ई-सिम देताना दहादा विचार करा. अमेरिकेत आयफोन १५ ची जाहिरात ७९९ डॉलरची होती, ती कॅरियरशी जोडून. मोकळा फोन ८२९ आणि वर राज्याचा सेल्स टॅक्स. हप्त्यावरचा फोन सहसा लॉक असतो. भाऊ-वहिनी विमानात बसण्याआधी त्यांना अबाउटमध्ये ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलंय का, त्याचा स्क्रीनशॉट मागवा.

बँड, म्हणजे फोन पकडतो ते लहरींचे पट्टे, बघायचे ते इथल्या नेटवर्कप्रमाणे. जिओचं ५जी स्टँडअलोन (एसए), म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे, तेव्हा फोनला एसए चालतं का आणि एन२८, एन७८ दोन्ही आहेत का ते तपासा. बाहेरच्या पीसमध्ये एन७८ सहसा सापडतो, एन२८ ची खात्री करावी लागते, आणि भिंतीआड रेंज टिकते ती त्याच्याच जोरावर.

स्पेक्स साइटवरच्या चुका ठरलेल्या जागीच सापडतात. ‘१६ जीबी रॅम’ लिहिलेल्या फोनात खरी ८, उरलेली स्टोरेजमधून उसनी. ६७ वॉटचं चार्जिंग, पण चार्जर डब्यात नाही. बॅटरीचा आकडा दुसऱ्याच देशातल्या मॉडेलचा. एका साइटवर एका मॉडेलची आयपी (पाणी-धूळ रोखण्याची) रेटिंग चुकीची होती, कळवल्यावर सहा आठवड्यांनी बदलली. पडताळायला कंपनीचं भारतातलं पान आणि डब्यातली पुस्तिका. युरोपात विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी २० जून २०२५ पासून तिथल्या ऊर्जा लेबलची माहिती खुली आहे. त्यात चार्जिंगच्या किती फेऱ्यांपर्यंत बॅटरी टिकते आणि किती वेळा पडून फोन तगतो हेही असतं. बाजारात न आलेल्या फोनासाठी बीआयएसची (भारतीय मानक संस्थेची) नोंदणी यादी बघता येते, पण तिथे नुसता मॉडेल कोड असतो, नाव आणि स्पेक्स नाहीत. त्यावरून ‘पुढच्या आठवड्यात लाँच’ अशी बातमी करणाऱ्यांना हसून सोडून द्यावं.

डबा हातात आला की लेबल मोबाइलच्या टॉर्चखाली धरा : एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, दोन आयएमईआय, मॉडेल कोड. फोन सुरू करून *#०६# दाबा. तिथले आकडे, लेबल आणि बिल, तिन्ही जुळले पाहिजेत. मग ‘केवायएम’ टाइप करून एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, १४४२२ वर एसएमएस. उत्तरात येणारं मॉडेलचं नाव शीटच्या पहिल्या रकान्याशी ताडून बघा. सेकंडहँड घेताना हे पैसे देण्याआधी, विकणारा समोर असताना करायचं. नंतर त्याचा फोन लागत नाही.