किन्त्सुगीचे दोन संच आणि एक वाडगा

जपानमधल्या माशिकोहून आणलेला माझा चहाचा वाडगा इथे लंडनमध्ये भांडी घासताना निसटला. तीन तुकडे. टाकून देववेना, म्हणून किन्त्सुगीचा, म्हणजे फुटलेली भांडी सांधून सांध्यांवर सोनं चढवण्याच्या जपानी कलेचा, संच मागवला. एक नाही, दोन.

पहिला इथल्याच एका विक्रेत्याचा, वीस पौंडांच्या आतला. खोक्यावर 'अस्सल जपानी कला', आत इपॉक्सी या कृत्रिम गोंदाच्या दोन नळ्या आणि सोनेरी पूड. आधी एका बशीवर वापरून पाहिला. पाच मिनिटांत पक्की, रेघही चमकदार. माहितीपत्रकाच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत लिहिलंय की या भांड्यातून खाऊ-पिऊ नका. मग चहाचा वाडगा सांधायचा कशाला?

दुसरा जपानहून आला, किंमत चौपट. यात खरी उरुशी आहे, म्हणजे झाडाचा चीक. पाण्यात भिजवलेल्या पिठात ती घोटली की झाला सांधायचा डिंक, मुगी-उरुशी. रंग दुधाळ कॉफीचा. पातं उचललं की पाकासारख्या तारा सुटतात आणि हवा लागली की बघता बघता काळपट होतात. उरुशी घट्ट व्हायला दमट हवा लागते. पुठ्ठ्याच्या खोक्यात ओलं फडकं ठेवून आर्द्रता 75 टक्क्यांवर राखली आणि तुकडे दोन आठवडे आत ठेवले. मग खाचा भरणं, घासणं, पुन्हा खोक्यात. शेवटी केसाएवढी लाल उरुशीची रेघ ओढायची, ती जरा चिकट झाली की रेशमाच्या बोळ्यानं सोन्याची पूड टेकवायची. त्या क्षणी मी श्वास धरून बसले होते.

एक मोठी तक्रार: कच्च्या उरुशीनं अंगावर पुरळ उठतं, आणि हातमोज्यांची सूचना यांनी छापली आहे शेवटच्या पानावर! माझं मनगट आठवडाभर खाजत होतं.

व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात 1640 च्या सुमाराची जपानी माझारिन पेटी आहे, तिच्यावरचं सोनंही असंच उरुशीवर बसवलेलं. अशा वस्तूंनी युरोप वेडा झाला, पण उरुशीचं झाड युरोपात नव्हतं. मग लाखेचं व्हार्निश देऊन नकला सुरू झाल्या. 1688 मध्ये ऑक्सफर्डला त्या कशा करायच्या याचं पुस्तकच छापलं गेलं. त्या कारागिरांची अडचण मला समजते. आज उरुशी टपालानं घरी येते, तरी तिच्या नावावर इपॉक्सी विकतात याचा मला खरंच राग येतो.

घ्यायचा तर दुसराच घ्या, सात-आठ आठवडे हाताशी असतील तर. घटकांची यादी वाचा: 'शिन-उरुशी' म्हणजे खरी उरुशी नव्हे, आणि 'सोनेरी पूड' बहुतेक वेळा पितळेची असते. काम झाल्यावर मी आणखी महिनाभर थांबले. काल त्या वाडग्यातून चहा प्यायले. काठावर रेघ किंचित उंच आहे, ओठाला लागते.