रुआन लिंगयूचा चेहरा, मॅगी च्युंगचे शरीर: 'सेंटर स्टेज'ची पुनरुज्जीवित डिस्क

चिनी मूकपटाची श्रेष्ठ अभिनेत्री रुआन लिंगयू हिच्यावर स्टॅनली क्वान यांनी १९९१ मध्ये केलेला 'सेंटर स्टेज' हा हाँगकाँगचा चित्रपट आता पुनरुज्जीवित प्रतीवरून घरी पाहता येतो. डिस्क घेताना ती १५४ मिनिटांच्या दीर्घ आवृत्तीची आहे ना, एवढे अवश्य पाहावे. कारण क्वान यांनी कलावंतांशी केलेल्या गप्पा आणि रुआनच्या समकालीनांच्या आठवणी हाच या चित्रपटाचा कणा आहे, आणि त्यांना कात्री लागली की उरते ती एका दुःखी नायिकेची देखणी कथा.

रुआनचा जन्म १९१० मध्ये शांघायमधल्या एका कँटनी कुटुंबात झाला. वडील लवकर गेले आणि आईने एका श्रीमंत घरी मोलकरणीचे काम करून तिला वाढवले. त्याच घरातल्या मुलाशी जडलेले तिचे नाते पुढे तिच्या जिवावर उठले. १९२६ मध्ये ती मिंगशिंग या चित्रपट कंपनीत दाखल झाली, पण १९३० मध्ये लिएनहुआ कंपनीत आल्यावरच तिला तिच्या तोडीच्या भूमिका मिळाल्या. ८ मार्च १९३५ रोजी, न्यायालयीन वाद आणि वृत्तपत्रांतली बदनामी यांच्या कचाट्यात सापडलेल्या रुआनने वयाच्या चोविसाव्या वर्षी आयुष्य संपवले. लू शुन यांच्यासारख्या लेखकाला त्यानंतर वृत्तपत्रांना जाब विचारणारा लेख लिहावासा वाटला, यावरून त्या घटनेने समाज किती हादरला होता हे कळते.

तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण या मृत्यूपाशी येऊन थांबतात. क्वान मात्र तिच्या कामापाशी थांबतात, आणि म्हणूनच हा चित्रपट मला फार मोलाचा वाटतो. रुआनची भूमिका करणारी मॅगी च्युंग एखादा प्रसंग उभा करते आणि लगेच मूळ मूकपटातला तोच प्रसंग पडद्यावर येतो. जिथे मूळ चित्रपट नष्ट झाला आहे, तिथे तसे स्पष्ट सांगितले जाते. वू योंगगांग यांच्या १९३४ च्या 'शेन्न्यू' या मूकपटाची तालीम पाहावी. या शब्दाचा अर्थ 'देवी', पण बोलीत तो वेश्येसाठीही वापरला जाई. मुलासाठी देहविक्रय करणारी ही आई गुंडासमोर कशी बसेल, सिगारेट कशी ओढेल, याचा शोध मॅगी आपल्यासमोर घेते आणि मग खुद्द रुआन तेच करताना दिसते. अनुकरण कितीही नेटके असले तरी त्या मूळ चेहऱ्यावरचा थकवा आणि तुच्छता वेगळीच आहे, आणि ते अंतर झाकण्याचा प्रयत्न क्वान करत नाहीत. मॅगीला या भूमिकेसाठी १९९२ मध्ये बर्लिन महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी रास्त होता.

सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग 'नवी स्त्री' या रुआनच्या चित्रपटाच्या चित्रीकरणाचा आहे. मृत्युशय्येचा शॉट संपल्यावरही रुआन चादरीखाली हुंदके देत राहते; दिग्दर्शक त्साय चुशेंग शेजारी बसून राहतात; कॅमेरा मागे सरकतो आणि क्वान यांचाच चमू दिसू लागतो. चादरीखाली रडते आहे ती रुआन की मॅगी, हे त्या क्षणी सांगता येत नाही.

पुनरुज्जीवित प्रतीत पून हाँग-सांग यांच्या छायाचित्रणाला न्याय मिळाला आहे: दिव्यांचा पिवळसर उजेड, चिओंगसाम या चिनी स्त्रियांच्या अंगासरशा पोशाखाच्या कापडाचा पोत आणि खोल्यांमधला अंधार हे सारे स्वच्छ दिसते, आणि जुन्या मूकपटांच्या तुकड्यांवरचे ओरखडे त्या शेजारी अधिकच बोलके होतात. तक्रार आहे ती इंग्रजी उपशीर्षकांविषयी. या चित्रपटातली माणसे कँटनी, मँडरिन आणि शांघायी या तीन भाषांत बोलतात, आणि कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलते यातून जवळीक आणि परकेपणा व्यक्त होतो. मी पाहिलेल्या डिस्कवर या तिन्ही भाषा एकाच साच्यातल्या ओळींत उतरवल्या आहेत. बोलपटाच्या उंबरठ्यावर गेलेल्या मूकपटातल्या नटीच्या चरित्रात ही उणीव विशेष खटकते. रंगाने किंवा कंसातल्या एका अक्षराने भाषा सुचवणे अवघड नव्हते.

'शेन्न्यू' आधी पाहिला नसेल, तर तो पाहूनच ही डिस्क लावावी. तेव्हा त्या सिगारेटच्या प्रसंगात मॅगीकडे नव्हे, तर रुआन केव्हा येते याकडे डोळे लागलेले असतील.