ऑटोकॅड एलटीमधलं लिस्प: शिकायला छान, पण रेडियनकडे लक्ष ठेवा

ऑटोकॅड एलटी म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंग पॅकेजची कमी सोयींची आवृत्ती. तिच्यात कस्टमायझेशन म्हणजे बटणं हलवणं, असं वर्षानुवर्षं होतं. एलटी २०२४ पासून त्यात ऑटोलिस्प (थोडक्यात लिस्प, ऑटोकॅडच्या कमांड लिहून चालवायची प्रोग्रॅमिंग भाषा) चालतं. ड्राफ्टिंग शिकणाऱ्यासाठी या पॅकेजमध्ये सगळ्यात कामाचं काही असेल तर हेच. रिबनवरचं बटण दाबताना कमांड काय काय विचारते याकडे कुणी बघत नाही. तीच कमांड लिहून चालवायची म्हटलं की एकेका प्रश्नाचं उत्तर क्रमाने द्यावं लागतं.

सुरुवात मात्र साध्या स्क्रिप्टने, म्हणजे क्रमाने लिहिलेल्या कमांडच्या फाइलने करा. नोटपॅडमध्ये लिहा, एससीआर एक्स्टेन्शनने सेव्ह करा, 'स्क्रिप्ट' कमांडने चालवा. इथे स्पेस म्हणजे एंटर. एक जास्तीची पडली की मागचीच कमांड परत सुरू होते आणि पुढचं सगळं घसरतं. डायलॉग उघडणाऱ्या लेयरसारख्या कमांडच्या आधी हायफन लावायचा.

आकडे बरोबर असूनही रेघ शेजारच्या एंडपॉइंटला चिकटली, तर ऑस्नॅपकूर्ड (OSNAPCOORD) ही सेटिंग बघा. ते मुळात २ वर असतं: कीबोर्डवरून टाकलेले आकडे ऑस्नॅपला (जवळच्या बिंदूला आपोआप चिकटण्याची सोय) जुमानत नाहीत, स्क्रिप्टमधले जुमानतात. १ करा. लिस्पमध्ये ओएसमोडची (कोणते ऑस्नॅप चालू ते ठरवणारी सेटिंग) जुनी किंमत जपून तो ० करायचा आणि शेवटी परत लावायचा. मध्येच एस्केप दाबलं तर ती शेवटची ओळ चालतच नाही, ऑस्नॅप बंदच राहतो. म्हणून एरर फंक्शनमध्येही (काम मध्येच तुटलं की चालणारं फंक्शन) तीच ओळ हवी. नेटवर मिळणारी बरीच फुकट लिस्पं इथेच आळस करतात.

खरी परीक्षा फ्लॅंजची, म्हणजे पाइप जोडायच्या भोकं असलेल्या चकतीची. २०० मिमी पीसीडीवर (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) १८ मिमीची ८ भोकं, म्हणजे ४५ अंशांचं अंतर. स्क्रीनवर अंश दिसतात, पण लिस्पच्या 'पोलर'ला (कोन आणि अंतर देऊन नवा बिंदू काढणारं फंक्शन) रेडियन लागतात: ०.७८५४. सरळ ४५ दिलं तर एरर येत नाही! ४५ रेडियन म्हणजे फिरून फिरून साधारण ५८.३ अंश. पहिली सहा भोकं ऐटीत बसतात, सातवं पहिल्यापासून जेमतेम १७.७ मिमीवर येऊन त्यालाच कापतं. भागाकारही असाच फसवा: ५ ला २ ने भागलं तर उत्तर २, अडीच हवे असतील तर ५.० लिहा.

कंस मोजत बसायची तयारी ठेवा. डीफनमध्ये (नवं फंक्शन लिहायची ओळ) नावाआधी 'सी' आणि कोलन नसेल तर फंक्शन लोड होतं, पण कमांड म्हणून सापडत नाही. लोड करताना सुरक्षेची सूचना आली तर सिक्युअरलोड ही तपासणीची सेटिंग बंद करू नका, तो फोल्डर ट्रस्टेड पाथमध्ये घाला.

ॲक्शन रेकॉर्डर (केलेल्या कृती नोंदवून परत चालवणारं साधन) एलटीत नाही, डॉट नेट किंवा एआरएक्सचे प्लगिनही चालत नाहीत. ऑफिसचं काम त्यांच्यावर अवलंबून असेल तर पूर्ण ऑटोकॅडच घ्यावं लागेल.