टिनमधला टोमॅटो, सात महिन्यांनंतर: तुकडे अजून शिजताहेत

आधी तक्रार. टिनमधल्या टोमॅटोचे तुकडे गळत नाहीत. कांदा लाल झाला, मसाला करपायला आला, तरी ते चौकोन जसेच्या तसे. डावाने चेपायला जावं तर निसटतात. मला वाटलं आमचीच शेगडी मंद. मग चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: कॅल्शियम क्लोराईड. फोडी घट्ट राहाव्यात म्हणून मुद्दाम घालतात म्हणे. पिझ्झावाल्यांना हवं असेल, मला आमटीत कशाला? आता ते नसलेले, अख्खे सोललेलेच घेते आणि हाताने कुस्करते.

दुसरं दुखणं पैशांचं. डबा ४०० ग्रॅमचा, निथळून टोमॅटो २४०. उरलेला रस मी तीन आठवडे बेसिनमध्ये ओतला! सी जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, म्हणजे थोडंफार जे उरलं असेल तेही त्या रसात उतरणार. आता थेंब टाकत नाही, डाळीत जातो.

घेतले का, तर जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दीडशेच्या वर गेला होता, तेव्हापासून त्याच्या भावावर माझा विश्वास नाही. शिवाय रात्री आठला गावदेवी मंडईत पोचावं तर मेथीची जुडी मान टाकून पडलेली. ती आणून निवडायची कधी? शिजवलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल करणारं द्रव्य, कच्च्यापेक्षा अंगी जास्त लागतं, तेलाबरोबर आणखी, हे कुठंतरी वाचलं आणि मला आळशीपणाचा दाखलाच मिळाला. आठवड्याला चार वेळा होणारी पालेभाजी एकदावर आली.

इथपर्यंत मी पाच तारे दिले असते. पण सासूबाईंना हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २ ते ३ मध्ये हवा, तो ३.८ आला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवणात काही बदललंय का?" मी गप्प. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात के जीवनसत्त्व साधारण ४८० मायक्रोग्रॅम, टिनच्या टोमॅटोत पाचच्याही आत. रक्त गोठायला हेच जीवनसत्त्व लागतं; ते जेवणातून कमी झालं की गोळीचा जोर वाढतो आणि रक्त जास्तच पातळ होतं. पालेभाजी बंदही करायची नाही आणि एकदम वाढवायचीही नाही, प्रमाण सारखं ठेवायचं, असं डॉक्टरांनी मलाच दोनदा बजावलं. फोलेटचंही (हे एक बी जीवनसत्त्व) तेच: टिनमध्ये पालकाच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नाही.

पालकाची आरती ओवाळायची नाहीये. त्यातलं बरंचसं कॅल्शियम पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य अडवून ठेवतं, लोहही अंगी कमी लागतं. तिथे आंबट, सी जीवनसत्त्वाची जोड मदतीला येते. म्हणून टोमॅटोचा डबा आता पालकाच्या डाळीतच फोडते, महिन्याला दोन. वर लिंबू पिळते, कारण डब्यातलं सी आधीच बरंच उडालेलं असतं. मेथी रविवारी सासूबाई टीव्हीसमोर बसून निवडतात, काड्या माझ्यापेक्षा जास्त टाकतात, पण बोलायची सोय नाही.

परवा त्या फोडीवाल्यांपैकी एक जुना डबा संपवायचा होता, पैसे मोजलेत म्हणून. सासूबाईंनी डाळीतून एक लाल चौकोन काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"हा कच्चा राहिलाय गं."

पाऊण तास उकळत होता तो.